दंशाची जखम: कोणास इस्पितळांत न्यावें, आणि केव्हां?

खेड्यांतील उपदेशकास, मास्तरास किंवा बायबलबाईस इच्छा नसतांहि पुष्कळदां अर्ध्या वैद्याचें काम करावें लागतें. कोणास ताप आला किंवा कोणास कुत्रें चावलें, कीं पहिली हांक त्यांच्या दाराशीं येते. औषध देणें हें त्यांचें काम नव्हे. परंतु "थांबून पाहूं" म्हणावें कीं "आतांच निघा" म्हणावें, हें ठरविण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावरच येतो. आणि दंशाच्या जखमेंत पुष्कळ वेळां माणसाचा जीव ह्याच निर्णयावर लोंबकळत असतो. म्हणून आजच्या पाठासाठीं हा विषय घेतला आहे.

तीन बोलावणीं

समजा, एकाच दिवशीं तुम्हांस तीन बोलावणीं आलीं. पहाटे एक शेतमजूर सांगतो, "रात्रीं खालीं जमिनीवर निजलों होतों. मध्यरात्रीपासून पोटांत कळा येत आहेत, आणि डोळे जड झाले आहेत." त्याच्या अंगावर जखम म्हणून कांहींच दिसत नाहीं. दुपारीं एका गृहस्थाची पोटरी कुत्र्यानें फाडली. रक्ताचें धोतर झालें आहे, आणि भोंवतीं वीस माणसें जमलीं आहेत. सायंकाळीं एक बाई येते. दुधाच्या पातेल्यावरून मांजर हांकलतांना तें तिच्या बोटाच्या मुळाशीं चावलें. टांचणी टोंचावी तसे दोन ठिपके आहेत, आणि रक्त केव्हांच थांबलें आहे. ती हंसून म्हणते, "मास्तर, मांजराचा दांत तो केवढा! हळद लावली आहे, होईल बरें."

गांव कोणासाठीं गाडी जोडील? अर्थात् पोटरी फाटलेल्या गृहस्थासाठीं. त्यास न्यावयाचें आहेच, ह्यांत शंका नाहीं. पण पहिल्या मनुष्यास बहुधा मण्यार चावली आहे, आणि दुपारपर्यंत त्याचा श्वास बंद पडेल. तिसरीचें बोट दोन दिवसांत पुवानें भरून जन्माचें ताठ होण्याचा संभव आहे. ह्या पाठाचें सार एवढेंच कीं, दंशाची जखम डोळ्यांनीं मापूं नये. तिला चार प्रश्न विचारावे: कोण चावलें? कोठें चावलें? कोणास चावलें? आणि आतां काय दिसत आहे?

प्रथम पाणी व साबण

हे प्रश्न विचारीत असतांना हात रिकामे ठेवूं नयेत. कुत्रें, मांजर, माकड, कोल्हा किंवा मनुष्य, कोणाचाहि दांत लागला असला तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पूर्ण १५ मिनिटें धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, कारण घाबरलेल्या माणसास दोन मिनिटें पंधरांसारखीं वाटतात. नळ नसेल तर तांब्यानें पाणी ओतीत राहावें. पिसाळण्याच्या रोगाचें विष लाळेंतून येतें आणि साबणानें तें पुष्कळ अंशीं नष्ट होतें, म्हणून हें धुणें औषधाइतकेंच मोलाचें आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन असल्यास लावावें आणि स्वच्छ फडकें सैल गुंडाळावें. रक्त जोरानें उसळत असेल तर मात्र आधीं स्वच्छ कापडाची घडी करून ती घट्ट दाबून धरावी, धुणें मागाहून.

चुना, तिखट, तेल, तंबाखू, माती ह्यांपैकीं कांहींहि जखमेंत भरूं नये, आणि डाग देऊं नये. त्यानें विष जळत नाहीं, मांस मात्र जळतें, आणि पुढें डॉक्टरांस जखम नीट पाहतां येत नाहीं. जवळच्या कोणाकडून घाईनें टांके घालून घेऊं नयेत. दांतांनीं आंत नेलेली घाण टांक्यांखालीं कोंडते.

पहिला प्रश्न: कोण चावलें?

कुत्रें, मांजर, माकड किंवा रानांतील कोणतेंहि जनावर चावलें असेल तर रेबीजचा विचार पहिला. हा रोग अंगांत उमटल्यावर, पाणी पाहतांच घसा आवळूं लागल्यावर, रोगी वांचणें जवळ जवळ अशक्य असतें. पण दंश आणि रोग ह्यांमध्यें बहुधा दोन-तीन महिने जातात. कधीं आठवडा, कधीं वर्षहि. ही मधली मुदत आपल्याला मिळालेली संधि आहे. ह्या मुदतींत लस दिली तर रोग अडवितां येतो.

इ. स. १८८५ च्या जुलै महिन्यांत फ्रान्सच्या सीमेवरील आल्सास प्रांतांत जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्यानें अनेक ठिकाणीं चावे घेतले. गांवच्या डॉक्टरानें जखमा कार्बोलिक आम्लानें जाळल्या. पण आई तेवढ्यावर थांबली नाहीं. मुलास घेऊन ती पॅरिसला लुई पाश्चर ह्यांच्याकडे गेली. ६ जुलैस त्याला पहिली लस टोंचली, आणि पुढें दहा-अकरा दिवसांत एकंदर १३ वेळां टोंचली. मुलगा वांचला. ज्या उपायानें तो वांचला तो त्या दिवशीं गांवांत नव्हता, दूरच्या शहरांत होता, हें त्या बाईनें ओळखलें. आज तो उपाय आपल्या तालुक्याच्या गांवीं आला आहे. मग आपण घरीं बसून कोणाची वाट पाहावी?

दंशाचे तीन वर्ग ध्यानांत ठेवावे. जनावरास हात लावला किंवा त्यानें धड कातडी चाटली, तर धुण्यापलीकडे कांहीं नको. उघड्या कातडीस दांत घासला किंवा रक्त न येतां ओरखडा उठला, तर लस हवी. कातडी फुटून रक्त आलें, अगर फुटलेल्या कातडीस, डोळ्यांस किंवा तोंडांत लाळ लागली, तर लस तर हवीच, पण तिच्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नांवाचें दुसरें औषधहि हवें. रानांतील जनावराचा चावा ह्याच तिसऱ्या वर्गांत धरावा. लस अंगाला स्वतःची तटबंदी बांधावयास शिकविते, पण त्याला दिवस लागतात. तोंपर्यंत हें दुसरें औषध जखमेंतच टोंचून विषाला दारांतच अडवितात.

येथेंच मोठ्या इस्पितळाचा प्रश्न येतो. लस पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते. दुसरें औषध मात्र बहुधा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयांत मिळतें. म्हणून लसीची पहिली मात्रा जवळच्या केंद्रांत घ्यावी, आणि त्याच दिवशीं पुढें निघावें. हें औषध पहिल्या दिवशींच मिळणें उत्तम. पहिल्या लसीपासून सात दिवस लोटल्यावर तें देत नाहींत. ज्यास पूर्वी लसीचा पूर्ण क्रम झाला आहे त्यास तें लागत नाहीं. त्यास लसीच्या दोन मात्रा पुरतात, त्या पहिल्या दिवशीं व तिसऱ्या दिवशीं. इतरांस कातडींत लस दिल्यास ०, ३, ७ व २८ ह्या दिवशीं, आणि दंडाच्या स्नायूंत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ ह्या दिवशीं जावें लागतें. एकहि वारी चुकवूं नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसहि लस देतात. कित्येक आठवडे उशीर झाला असला तरी "आतां काय उपयोग" असें म्हणूं नये, तरीहि जावें.

पोटांत चौदा सुया टोंचतात ह्या भीतीनें अजून कांहीं लोक लपून बसतात. ती जुनी लस होती. ती भारतांत केव्हांच बंद झाली. तसेंच कुत्र्यास मारून टाकूं नये. तें घरचें किंवा ओळखीचें असेल तर दहा दिवस नजरेखालीं ठेवावें. तें दहा दिवस धडधाकट राहिलें तर पुढील मात्रांविषयीं डॉक्टर काय तें ठरवितील. मात्र कुत्र्याचे दहा दिवस मोजीत पहिली लस लांबणीवर टाकूं नये.

मनुष्याच्या चाव्यासहि हलकें लेखूं नये. भांडणांत एकानें दुसऱ्याच्या तोंडावर गुद्दा मारला आणि दांत लागून मुठीचें पेर फुटलें, तर हीहि दंशाचीच जखम होय, आणि फार वाईट. मूठ आवळलेली असतांना दांत सांध्यांत शिरतो. मूठ उघडली कीं वरचें आवरण सरकून आंतील भोंक झांकलें जातें, आणि वर फक्त एक लहानसा चिरा दिसतो. शरमेनें मनुष्य सांगतो, "पत्रा लागला." अशा वेळीं त्याला एकीकडे घेऊन प्रेमानें खरें विचारावें, आणि डॉक्टरांस तें खरें सांगावें. भांडणाचा निवाडा मागाहून होईल. हाताचा निवाडा त्याच दिवशीं व्हावा लागतो.

दुसरा प्रश्न: कोठें चावलें?

पुढील ठिकाणच्या दंशाला मलमपट्टी पुरत नाहीं. तेथें शस्त्रवैद्य असलेलें इस्पितळ लागतें.

हात व बोटें. येथें कातडीखालीं लगेच बोट हलविणाऱ्या दोऱ्या आणि सांधे आहेत. कुत्र्याचा दांत बोथट असल्यानें तो मांस फाडतो व चेंगरतो. मांजराचा दांत सुईसारखा असल्यानें तो थेट सांध्यापर्यंत जातो, आणि वरचें तोंड लगेच मिटतें. मांजराच्या तोंडांत पाश्चुरेला नांवाचे जंतू असतात. त्यांना पाश्चर ह्यांचेंच नांव दिलेलें आहे. त्यांच्यामुळें एका दिवसाच्या आंतच हात लाल होऊन ठणकूं लागतो. म्हणूनच मांजराचे चावे कुत्र्याच्या चाव्यांपेक्षां अधिक वेळां पिकतात. बोटाच्या दोरीच्या पिशवींत पू झाल्याचीं चार चिन्हें शिकागोचे शस्त्रवैद्य अॅलन कॅनाव्हेल ह्यांच्या नांवानें ओळखिलीं जातात. तीं कोणासहि शिकतां येतात: बोट किंचित् वाकलेलेंच राहतें, सबंध बोट सारखें सुजतें, तळहाताच्या बाजूनें बोटाच्या लांबीभर दाबल्यास दुखतें, आणि दुसऱ्यानें बोट हळूच सरळ करूं पाहिल्यास रोगी ओरडतो. ह्यांतील एक जरी दिसलें तरी त्याच रात्रीं न्यावें. उशिरानें बोट ताठ होतें, आणि कष्टकऱ्याचा हात गेला म्हणजे घराची भाकर गेली.

चेहरा, डोळा, ओठ, कान, नाक. येथील जखम मेंदूच्या जवळ असल्यानें रेबीजचा धोका अधिक, आणि जोडकाम नाजुक. तुटलेला तुकडा सांपडल्यास ओल्या स्वच्छ कापडांत गुंडाळून पिशवींत घालावा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा नुसत्या बर्फांत घालूं नये.

लहान मुलाचें डोकें व मान. मूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीचें असतें, आणि तान्ह्याच्या कवटीचें हाड पातळ असतें. केंसांत दिसणाऱ्या लहानशा भोंकाखालीं हाड फुटलेलें असूं शकतें. अशा मुलाचें डोकें तपासून छायाचित्र काढल्यावांचून घरीं ठेवूं नये.

ह्यांखेरीज कोणत्याहि सांध्याजवळचा, गुह्यांगाचा, हाड दिसणारा किंवा मांसाचा लचका तोडलेला दंश. जखमेच्या पलीकडचा भाग हात लावून पाहावा. बोटें थंड किंवा पांढरीं पडलीं असतील, स्पर्श कळत नसेल, किंवा बोट वाकवितां अगर सरळ करतां येत नसेल, तर रक्तवाहिनी, मज्जातंतू किंवा दोरी तुटली आहे असें समजावें व विलंब करूं नये.

तिसरा प्रश्न: कोणास चावलें?

एकच दांत दोघांस सारखा बाधत नाहीं. मधुमेही, यकृताचा रोगी, नित्य दारू पिणारा, ज्याची पाणथरी काढलेली आहे तो, कर्करोगाचें औषध घेणारा, स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारा, एच. आय. व्ही. बाधित, तसेंच तान्हें मूल व वृद्ध, ह्यांच्या अंगांत जंतू लवकर पसरतात. कुष्ठरोगानें बधिर झालेल्या हातापायास दुखतच नाहीं. म्हणून तेथें दुखणें हें मोजमाप धरूं नये. हत्तीरोगानें सुजलेल्या पायावरील लहान चावाहि मोठा समजावा. अशा सर्वांस पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. धनुर्वाताच्या लसीविषयीं सर्वांनींच विचारावें.

चवथा प्रश्न: आतां काय दिसत आहे?

जखम पाहून घरीं पाठविलें असलें तरी काम संपलें असें नाहीं. लाली कोठपर्यंत आहे तेथें पेनानें रेघ ओढून तिच्यापाशीं वेळ लिहावी. कांहीं तासांनीं लाली रेघेच्या पुढें गेली तर वाद नको, इस्पितळांत चला. हातापायावर वर चढणारी तांबडी रेघ, काखेंत किंवा जांघेंत गांठ, पू, ताप व हुडहुडी हींहि तशींच चिन्हें आहेत. आणि श्वास जलद चालला, मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, लघवी कमी झाली, कातडी काळी पडली किंवा तीवर फोड आले, अगर जखमेच्या मानानें वेदना फारच असह्य झाल्या, तर जंतू रक्तांत किंवा खोल मांसांत पसरले आहेत. तेव्हां जवळच्या लहान दवाखान्यांत रात्र काढूं नये. अतिदक्षता विभाग असेल तेथें न्यावें.

सर्पदंशाविषयीं

साप चावला असतां वरील धुण्याचे नियम बाजूस ठेवावे, आणि क्षणाचाहि विलंब करूं नये. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चार मुख्य विषारी साप आहेत. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यास चावते. तिचा व्रण दिसेलच असें नाहीं. पोटांत कळा, पापण्या मिटत जाणें, बोलणें अडखळणें, गिळतां न येणें हीं तिचीं चिन्हें होत. पुढें श्वास थांबतो. घोणस व फुरसें चावल्यास सूज येते व हिरड्यांतून, लघवींतून किंवा जखमेंतून रक्त वाहूं लागतें. घोणशीच्या विषानें मूत्रपिंडेंहि बंद पडतात.

दोरी आवळूं नये, चिरूं नये, चोखूं नये. आंगठ्या व बांगड्या काढाव्या, चावलेला अवयव फळीस बांधून हालूं देऊं नये, आणि रोग्यास चालवूं नये. वांती होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावें. साप मारून आणण्यांत वेळ घालवूं नये. भारतांत मिळणारें प्रतिविष ह्या चारींवर एकच आहे. मांत्रिकाकडे गेलेला जो मनुष्य बरा झाला त्यास बहुधा बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विष अंगांत उतरलेलेंच नसतें. ज्याच्या अंगांत विष उतरलें त्याचा तास मात्र मंत्रांत जातो.

प्रतिविष जेथें सर्वांत लवकर मिळेल तेथें पहिली मात्रा घ्यावी. मग पापण्या मिटत असल्यास श्वासाचें यंत्र असलेल्या, आणि लघवी थांबत असल्यास डायलिसिस असलेल्या इस्पितळांत पुढें न्यावें. जवळचें केंद्र टाळून थेट शहर गांठूं पाहणारे कित्येक वाटेंतच जातात. चिन्ह कांहींच नसलें तरी २४ तास इस्पितळांत नजरेखालीं राहावें.

नेतांना

महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास रुग्णवाहिका मिळते. एका कागदावर लिहून द्यावें: किती वाजतां, कोणत्या जनावरानें, कोठें दंश केला, किती वेळ धुतलें, कोणती लस व औषध कोठें दिलें, पूर्वीचा आजार कोणता, कोणतें औषध सोसत नाहीं. एका इस्पितळांतून दुसरीकडे पाठविलें तर तेथील चिठ्ठी मागून घ्यावी. शस्त्रक्रिया होण्यासारखी जखम असेल तर विचारल्यावांचून खाऊं घालूं नये. बरोबर एक समजूतदार माणूस पाठवावा. मजुरी बुडते, गाडीभाडें नाहीं, म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या लसीस जात नाहींत. तेवढी गरज मंडळीनें आपसांत भागवावी, आणि तारखा कोणीतरी वहींत टिपून ठेवाव्या.

आतां त्या तीन बोलावण्यांकडे परत चला. पहिल्यासाठीं पहाटेच गाडी काढावयाची. दुसऱ्याची जखम दाबून, धुऊन, लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळतील तेथें त्याच दिवशीं न्यावयाचें. आणि ती हंसणारी बाई? तिलाहि हात धुवावयास लावून "बाई, चला" म्हणावयाचें. ती नको म्हणेल. त्या वेळीं तिचें हंसणें न ऐकतां तिच्या बोटाकडे पाहावें. वेळेवर नेलेला रोगी बहुधा म्हणतो, "उगीच एवढी धांवपळ केली." तें बोलणें आनंदानें ऐकून घ्यावें.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. जखम किती वेळ व कशानें धुवावी? त्यावर काय लावूं नये?
२. कोणत्या दंशास लसीबरोबर दुसरें औषध लागतें? तें आपल्या गांवापासून जवळ कोठें मिळतें? चौकशी करून वहींत लिहा.
३. मांजराचा लहान चावा हातावर असतां मोठा कां समजावा?
४. बोट पिकल्याचीं चार चिन्हें एकमेकांच्या हातावर दाखवा.
५. सर्पदंश झाल्यास कोणत्या तीन गोष्टी करूं नयेत?
६. आपल्या मंडळींत मधुमेह किंवा बधिर हातपाय असलेले कोण आहेत? हा पाठ त्यांच्या घरीं जाऊन कोण वाचून दाखवील?